सही नसलेली डायरी



आपल्या धर्मग्रामात शिक्षकी पेशातली माणसे किती आहेत हे मोजायला बसलो, तर या पत्रिकेचे एक पान पुरणार नाही. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, कोणी कॉन्व्हेंटमध्ये, कोणी रोज लोकलने मुंबई गाठतात, कोणी निवृत्त होऊनही घरी शिकवण्या घेतात. शिवाय रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे आपले तरुण-तरुणी आहेत. हा अभ्यासलेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. इतरांनीही तो जरूर वाचावा, कारण ज्या घरांविषयी मी लिहिणार आहे ती कुठली परकी घरे नाहीत.

विषय असा आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी काहीतरी बिघडले आहे, हे शिक्षकाच्या लक्षात येते. दारू असेल, लांबलेले आजारपण असेल, कर्ज असेल, आई-वडील वेगळे राहत असतील, नुकतेच कोणी गेले असेल. अशा वेळी शिक्षकाने काय करावे? आपले काम शिकवण्याचे, म्हणून डोळे मिटून घ्यावेत? की त्या घरात शिरून सगळे सरळ करायला निघावे?

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

धर्मगुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच माझ्याकडे एका शाळेची जबाबदारी आली होती. आठवीतला एक मुलगा रोज उशिरा यायचा. गृहपाठ केलेला नसायचा. वर्गशिक्षिकेने डायरीत शेरे लिहिले होते, पण एकाही शेऱ्याखाली पालकांची सही नव्हती. तीन-चार वेळा ताकीद देऊन झाली. शेवटी मी त्याला बोलावून सांगितले, "उद्या वडिलांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसायचे नाही." तरुण होतो, शिस्त म्हणजे काय ते आपल्याला कळते अशी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. उन्हाळ्याचे दिवस असूनही त्याने लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. "वडील कुठे?" मी विचारले. "येत नाहीत," एवढेच तो म्हणाला. मी त्याला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवले. दिवसभर तो तिथे बसून राहिला. डबा आणला आहे का, हेदेखील मी विचारले नाही. संध्याकाळी शाळेचा शिपाई माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "फादर, त्या पोराच्या दंडावर पट्ट्याचे वळ आहेत."

मग एकेक गोष्ट कळत गेली. त्याची आई पहाटे तीनला उठून भाजीच्या पाट्या घेऊन दादरला जायची. वडील रात्री पिऊन यायचे आणि सकाळी उठत नसत. पाणी भरणे, चहा करणे, दोन धाकट्या बहिणींची वेणीफणी करून त्यांना शाळेत पोचवणे, हे सर्व तेरा वर्षांचा हा मुलगा करायचा आणि मग धावत शाळा गाठायचा. डायरी वडिलांसमोर धरणे म्हणजे मार खाणे, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून सही नव्हती. आईला फक्त रात्री जेवताना भेटायचा आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हते. त्या दिवशी मात्र त्याने माझा निरोप वडिलांना प्रामाणिकपणे सांगितला. पट्टा वडिलांनी मारला, पण तो त्यांच्या हातात मीच दिला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. चौकशी केली तेव्हा समजले, की तो एका गॅरेजमध्ये कामाला लागला आहे. मी भेटायला गेलो. त्याने हात पुसून मला नमस्कार केला, साहेबांना विचारून चहा मागवला. शाळेत परत येण्याविषयी मी दोनदा बोललो. तो नुसता हसला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना गाब्रिएल मार्सेल (१८८९-१९७३) या फ्रेंच विचारवंताशी माझी ओळख झाली होती. त्याची पुस्तके तेव्हा बरीचशी डोक्यावरून गेली, हे कबूल करतो. पण त्याच्या आयुष्यातला एक प्रसंग लक्षात राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो रेड क्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांची चौकशी करण्याचे काम करीत असे. सैनिकांच्या माहितीची कार्डे तिथे होती, आणि त्या माहितीपायी घरची माणसे येत, कोणाची आई, कोणाची बायको. समोर बसलेल्या त्या माणसांकडे पाहताना मार्सेलला जाणवले, की कार्डावरच्या नोंदीत तो माणूस कुठेच नाही. पुढे त्याने समस्या आणि रहस्य यांत भेद केला. समस्या म्हणजे माझ्यासमोर पडलेली गोष्ट. ती मी बाहेरून पाहतो, सोडवतो आणि पुढे जातो. रहस्यात मात्र मी स्वतः गुंतलेला असतो, त्याला बाहेरून हात घालता येत नाही.

आपल्या स्टाफरूममध्ये 'प्रॉब्लेम चाइल्ड' हा शब्द किती सहज वापरला जातो! हजेरीपट हीदेखील कार्डांचीच पेटी आहे. उशीर, गैरहजर, फी बाकी, गृहपाठ अपूर्ण. या नोंदी खोट्या नसतात, पण त्यांत मूल नसते. आणि आपण शिक्षक त्या घराच्या बाहेर उभे आहोत, असे आपल्याला वाटते तेही खरे नाही. आपला लाल शाईतला शेरा दप्तरातून त्या घरात जातो. रात्री नऊ वाजता, दिव्याखाली, कोणाच्या तरी हातात पडतो. त्या मुलाच्या घरात मी कधीच पाऊल ठेवले नव्हते, तरी माझा निरोप तिथे होता.

"आई-वडील हेच मुलांचे पहिले शिक्षक," हे वाक्य पालक सभेत आपण पुष्कळदा ऐकतो. मीही प्रवचनात वापरले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात हा विचार स्पष्टपणे मांडला आहे. पण त्याच जाहीरनाम्यात असेही म्हटले आहे, की कुटुंबाला हे कर्तव्य पार पाडायला सर्व समाजाची मदत लागते. आपण पहिला भाग पालकांना सुनावतो आणि दुसरा सोडून देतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया'त शाळेविषयी हेच सांगितले, की शाळा आई-वडिलांची जागा घेत नाही, ती त्यांना पूरक असते. पूरक होणे म्हणजे कमी पडते तिथे भरणे. जिथे कमी पडते तिथे बोट ठेवून उभे राहणे नव्हे.

हे प्रत्यक्षात कसे करतात ते पाहायला फार दूर जायला नको. आपल्याच पालघर जिल्ह्यात ते घडले आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. "पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही," असे म्हणून हात झटकता आले असते. या दोघींनी तसे केले नाही. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव असे आले. २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेतून ते देशभर पोहोचले.

पुढे १९५०च्या दशकात हे काम डहाणू तालुक्यात कोसबादच्या टेकडीवर, वारली समाजात गेले. तिथली अडचण निराळी होती. मुलगे गुरे चारायला रानात जात आणि मुली कडेवर धाकटे भावंड घेऊन घर सांभाळत. आई-वडील मजुरीवर. शाळेची घंटा झाली म्हणून गुरे थांबत नाहीत आणि तान्हे पोर रडायचे राहत नाही. तेव्हा गुराखी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुले जिथे गुरे घेऊन जात तिथेच शिकवणे सुरू झाले. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एकाच ठिकाणी आणली. तिचे नाव विकासवाडी. धाकटा पाळणाघरात, ताई वर्गात.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. या दोन बायांनी त्या घरांची गरिबी दूर केली नाही. ते त्यांच्या हातातले नव्हते. भावंड घरी ठेवून ये, असेही त्या मुलीला सांगितले नाही. घराचे ओझे घेऊन मुलाला आत येता येईल, एवढे दार त्यांनी रुंद केले. माझ्या शाळेत तेवढे झाले असते, म्हणजे त्या मुलाला पहिल्या तासाला अर्धा तास उशिरा येण्याची मुभा मिळाली असती आणि डायरीवर सही आणण्याची सक्ती नसती, तर तो कदाचित टिकला असता. घरातली दारू सुटली नसती. पण शाळा सुटली नसती.

आता आपापल्या वर्गाकडे येऊ.

पहिली गोष्ट, दिसायला हवे. जे मूल दंगा करते ते लवकर दिसते. जे गप्प होते ते दिसत नाही. चांगले अक्षर एकाएकी बिघडणे, सोमवारी सकाळी डोळे तारवटलेले असणे, दुसऱ्याच तासाला डबा संपवणे, शाळा सुटल्यावरही आवारात रेंगाळणे, सहलीचे नाव काढताच "मला नाही यायचे" म्हणणे. यातल्या एकाच खुणेवरून काही ठरवू नये. पण एक-दोन महिन्यांत दोन-तीन खुणा दिसल्या, तर विचारावे.

विचारावे कसे? वर्गासमोर नाही. स्टाफरूममध्ये चार टीचरांच्या देखत तर नाहीच. त्याला वह्या उचलायला बरोबर घ्यावे आणि चालता चालता म्हणावे, "हल्ली दमलेला दिसतोस." एवढेच. उत्तर आले नाही तरी चालेल. समोरासमोर बसवून केलेल्या चौकशीपेक्षा वह्या वाहताना मुले अधिक बोलतात. आणि "घरी काय चालले आहे?" हा प्रश्न टाळावा. त्यात मुलाला आई-वडिलांविरुद्ध साक्ष द्यावी लागते. मूल कितीही त्रासात असले तरी ते घराच्या बाजूचे असते. विशेषतः दारूच्या घरातले. बापाला शिव्या देणारा शिक्षक त्याला मित्र वाटत नाही. पुष्कळ मुलांना मनातून असेही वाटत असते, की आपण नीट वागलो असतो तर पप्पा प्यायले नसते. ही चुकीची समजूत एक मोठे माणूस एका वाक्यात हलवू शकते: "यात तुझी काही चूक नाही."

डायरीविषयी माझे मत आता असे झाले आहे: ज्या घराची आपल्याला माहिती नाही, त्या घरात पहिला शेरा तक्रारीचा पाठवू नये. वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाविषयी एकदा तरी बरे काहीतरी लिहून पाठवावे. "आज फळ्यावरचे गणित सोडवले." ज्या पालकांना शाळेकडून आयुष्यभर फक्त तक्रारी आल्या, म्हणजे स्वतःच्या लहानपणीही, ते शाळेचा फोन घेत नाहीत. त्यांना आपण बेफिकीर म्हणतो. पुष्कळदा ते घाबरलेले असतात.

पालक सभेचेही तसेच. सकाळी अकराची सभा ही पगारी रजा मिळणाऱ्यांची सभा असते. भाजी विकणारी, धुणीभांडी करणारी, कंपनीत पाळीवर जाणारी आई ती कशी गाठणार? रविवारी मिस्सानंतर किंवा संध्याकाळी साडेसातला दहा मिनिटे दिली, तर तीच आई साडी बदलून वेळेआधी येऊन बसते. हे मी पाहिले आहे.

घरी जायचे असेल तर आधी निरोप द्यावा. एकट्याने जाऊ नये, एखाद्या सहकाऱ्याला बरोबर न्यावे. जिथे बसवतील तिथे बसावे आणि काळा चहा दिला तरी पूर्ण प्यावा. वही-पेन घरीच ठेवावे. पहिल्या भेटीत मुलाचे एक कौतुक सांगून उठावे. तक्रार नको, सल्ला नको. आपल्यापैकी अनेकांना हे फार अवघड जाते, कारण सल्ला देण्याची आपल्याला सवय आहे. (यात धर्मगुरू पहिले!)

काही गोष्टी बारीक वाटतात, पण घरातली जखम त्यांनीच उघडी पडते. 'माझे बाबा' हा निबंध. फी बाकी असलेल्यांची नावे वर्गात वाचणे. "तुझा भाऊ पण असाच होता," हे वाक्य. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलांना मारण्यावर तर बंदी घातलीच, मानसिक छळावरही घातली आहे. छडी गेली, पण जीभ अजून वर्गात आहे.

ज्या घरात संध्याकाळी अभ्यास होऊच शकत नाही, त्या मुलाचा गृहपाठ शाळेतच व्हावा. मधल्या सुट्टीची पंधरा मिनिटे, ग्रंथालयातला एक कोपरा, नाहीतर निम्मीच उदाहरणे. यावर कोणी म्हणेल, की हा बाकीच्यांवर अन्याय आहे. मला तसे वाटत नाही. सगळ्यांना सारखे ओझे देणे म्हणजे न्याय, असे म्हणायचे तर आधी घरून येणारे ओझे वजन करून पाहावे लागेल.

आता मर्यादेविषयी, कारण चांगल्या मनाचे शिक्षक इथेच अडचणीत येतात. शिक्षक हा पोलीस नाही, डॉक्टर नाही, नवरा-बायकोमधला पंच तर नाहीच. मुलाला एकट्याला आपल्या घरी ठेवून घेणे, पालकांना उसने पैसे देणे, रात्री-अपरात्री फोनवर समजूत घालत बसणे, यातून थोड्याच दिवसांत दोन्हीकडून मन कडू होते. आणि "मी कोणाला सांगणार नाही" असे वचन मुलाला कधीही देऊ नये. प्रायश्चित्त संस्कारातले मौन माझ्यासाठी आहे. शिक्षकाला ते घेता येत नाही. "ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन आणि आधी तुला सांगेन," असे म्हणावे.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पर्याय नाहीच. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे हे कळलेल्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. घराण्याची अब्रू, शाळेचे नाव, चर्चचे नाव, यांतले काहीही आड येता कामा नये. हे मी धर्मगुरू म्हणून मुद्दाम लिहितो. मारहाण, उपासमार, मुलाला टाकून जाणे अशा वेळी १०९८ हा चोवीस तासांचा नंबर आहे. तो १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या चाइल्डलाइनमुळे माहीत झाला. आता तो शासन चालवते. आईला मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. त्यांच्याकडे जाण्यासाठी आधी घर सोडावे लागत नाही, हे पुष्कळ बायकांना ठाऊक नसते.

पैशाच्या अडचणीत एक गोष्ट शिक्षकच सर्वांत आधी सांगू शकतात. वडील किंवा आई वारलेल्या, टाकून गेलेल्या, तुरुंगात असलेल्या किंवा गंभीर आजारी असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम वाढून महिना २,२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून होतो आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. शाळेचा दाखला लागतो, तो देताना आईला चार खेपा घालायला लावू नका. दारूसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आपल्याला माहीत आहेत. पण पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, तिथे नवरा आला नाही तरी बायको जाऊ शकते.

"फादर, साठ मुलांचा वर्ग, वर निवडणुकीचे काम, वर ऑनलाइन माहिती भरायची, त्यात कोणाकोणाची घरे पाहू?" असे एका टीचरने मला अगदी वैतागून विचारले. तिचे खरे आहे. तिच्या स्वतःच्या घरी सासूबाई दोन वर्षे अंथरुणावर आहेत, हे मला ठाऊक होते. मी तिला एवढेच म्हटले, की साठ नको, या सहामाहीत एक नाव निवडा. उरलेल्यांसाठी बाकीचे शिक्षक आहेत, आणि कोणाची निवड कोणी केली आहे हे मुख्याध्यापकांना माहीत असले म्हणजे एकाच मुलाला चौघे आणि दुसऱ्याला कोणीच नाही, असे होणार नाही.

पालकांनाही विनंती आहे. घरी कठीण दिवस असतील तर वर्गशिक्षकांना दोन ओळी कळवा. कारण सांगायची गरज नाही. "सध्या घरी अडचण आहे, मुलीकडे जरा लक्ष ठेवा," एवढे पुरते. आणि शेजाऱ्यांनी, म्हणजे आपण सर्वांनी, कोणाच्या घरातून रात्री काय ऐकू आले याची चर्चा विहिरीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर करण्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या मुलांना आपल्या मुलांबरोबर जेवायला बोलवावे.

धर्मग्राम सभागृहाची मागची खोली येत्या सोमवारपासून रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ अभ्यासासाठी उघडी राहील. दिवे आणि पंखे दुरुस्त झाले आहेत. दोन निवृत्त शिक्षिकांनी तिथे बसायचे कबूल केले आहे, आणखी चौघांची गरज आहे. त्यांनी आपली नावे मिस्सानंतर ऑफिसमध्ये द्यावीत. कोणत्या घरच्या मुलांना तिथे पाठवायला हवे, हे मात्र कोणी मला येऊन सांगू नये. मुलांना नुसते पाठवून द्या. चहा-बिस्किटांची सोय केली आहे आणि तिथे कोणाचीही डायरी पाहिली जाणार नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू